नवशिक्या बदकशिकाऱ्याचे शिक्षण: अमेरिकेतील एका परंपरेचा मागोवा

एखादी विद्या कोणत्या क्रमाने शिकविली जाते, ह्यावरून ती विद्या समाजात कशासाठी जपली जाते हे बऱ्याच अंशी कळून येते. जुन्या पाठशाळेत विद्यार्थ्याने आधी रूपे पाठ करावयाची व अर्थ मागाहून समजून घ्यावयाचा, हा क्रम ठरलेला असे. आणि त्या क्रमातच त्या शिक्षणाचा हेतू दडलेला असे. शिकारीसारख्या, वरकरणी केवळ हातापायांच्या वाटणाऱ्या व्यवसायासही हाच न्याय लावून पाहता येतो. प्रस्तुत लेखाचा विषय रानबदकांची शिकार हा असला, तरी नामांकित शिकाऱ्यांच्या पराक्रमांशी त्याला कर्तव्य नाही. पहाटेच्या अंधारात, गुडघाभर पाण्यात, पहिल्याच हंगामाला उभ्या राहिलेल्या नवशिक्याला आजवर काय काय शिकावे लागले आणि ते त्याला कोणी शिकविले, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. शिकारीचे समर्थन किंवा निषेध हाही ह्या लेखाचा हेतू नव्हे. भाषेच्या अभ्यासकाला ह्या विषयात रस वाटावा ह्याचे कारण वेगळे आहे. हे शिक्षण जसजसे पुढे सरकले तसतसे ते बंदुकीकडून नावाकडे, म्हणजे मारण्याच्या कौशल्याकडून ओळखण्याच्या कौशल्याकडे, झुकत गेले. हा पालट मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला व त्याची कागदपत्रांतील साक्षही तेथेच सर्वांत स्पष्ट सापडते.

तथापि आरंभ इंग्लंडपासून करणे भाग आहे. इंग्रजी भाषेत नवशिक्या शिकाऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत कर्नल पीटर हॉकर (१७८६–१८५३) ह्याच्या ‘तरुण शिकाऱ्यांस सूचना’ अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकाचे स्थान मोठे आहे. ते १८१४ साली प्रथम प्रसिद्ध झाले व पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. हॉकर घोडदळातील अधिकारी होता. स्पेनमधील तालाव्हेरा येथील लढाईत १८०९ साली तो जबर जखमी झाला, आणि सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने आपले उर्वरित आयुष्य बंदूक आणि संगीत ह्या दोन नादांत घालविले. (पियानो शिकणाऱ्यांच्या हाताला योग्य वळण लागावे म्हणून त्याने एक साधनही काढले होते. शिकविण्याची हौस हाच ह्या गृहस्थाचा स्थायीभाव असावा.) हॅम्पशायरच्या किनाऱ्यावर कीहेव्हन येथे त्याचे घर होते. तेथील खाडीत सपाट बुडाच्या नावेत पालथे पडून, नावेवरच बसविलेल्या प्रचंड बंदुकीने पाण्यावर बसलेल्या थव्यावर छर्रे झाडावयाचे, ही त्याची आवडती पद्धत.

हॉकर आपल्या शिष्याला बंदुकीची निवड व निगा, दारू, छर्रे, नावेची बांधणी, थंडीपासून बचाव ह्या सर्व गोष्टी तपशिलाने सांगतो, आणि शिकारीविषयक कायद्यांचा गोषवाराही देतो. ह्या कायद्यांचे स्वरूप मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. १६७१ च्या कायद्यान्वये इंग्लंडात शिकारीचा हक्क काही ठराविक उत्पन्नाच्या जमीनमालकांपुरता व त्यांच्या बरोबरीच्या लोकांपुरता मर्यादित होता, आणि ही अट १८३१ सालापर्यंत टिकली. म्हणजे कायदा शिकाऱ्याला मुख्यतः ‘तू कोण?’ असे विचारीत होता. ‘हा पक्षी कोणता?’ हा प्रश्न त्या मानाने गौण होता. १८३१ च्या कायद्याने ‘शिकारीचा पक्षी’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली तीत तित्तिर, फेझंट, ग्राउज इत्यादी पक्षी आले, पण बदक आले नाही. बदक हे किनाऱ्यावरील गरिबाचे भक्ष्य होते. हॉकरसारखा गृहस्थ त्याच्यामागे लागला ही तेव्हा थोडी नवलाचीच गोष्ट असली पाहिजे.

येथे एका शब्दाचा प्रवास पाहून पुढे जाऊ. बदकांना भुलविण्यासाठी पाण्यावर जो कृत्रिम पक्षी सोडतात त्याला इंग्रजीत ‘डिकॉय’ म्हणतात. हा शब्द डच भाषेतील ‘कोय’ (पिंजरा, कोंडवाडा) ह्या शब्दावरून आला असावा असे सामान्यतः मानले जाते. ‘द’ हे त्यामागचे डच निश्चयवाचक उपपद शब्दालाच चिकटून बसले. ‘कोय’ चे मूळ लॅटिन ‘काव्हेआ’ मध्ये आहे. डच लोकांचे ‘कोय’ म्हणजे एक तळे. त्या तळ्यातून वाकडे चर काढलेले असत, चरांवर जाळे पसरलेले असे, आणि काठावर वेताच्या तट्ट्यांची रांग असे. त्या तट्ट्यांच्या आडून एक शिकविलेला कुत्रा क्षणभर दिसे व पुन्हा नाहीसा होई. बदके कुतूहलाने त्याच्यामागे चरात शिरत आणि चराच्या अरुंद टोकाशी पकडली जात. सतराव्या शतकात ही पद्धत इंग्लंडात आली. दुसऱ्या चार्ल्सने लंडनच्या सेंट जेम्स पार्कातही असे तळे करविले होते. पुढे हाच शब्द तळ्यावरून तळ्यातील पाळीव बदकावर आणि त्यावरून, मुख्यतः अमेरिकेत, लाकडी बदकावर आला. स्थळ, मग जिवंत प्राणी, मग त्याची प्रतिमा अशा तीन पायऱ्या ह्या शब्दाने घेतल्या. अर्थांतराचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगावयास सहसा मिळत नाही.

वस्तू मात्र शब्दाहून कितीतरी जुनी आहे. नेव्हाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत १९२४ च्या उत्खननात लव्हाळ्याची बनविलेली अकरा बदके टोपलीत नीट गुंडाळून ठेवलेली सापडली. त्यांपैकी काहींवर रंग चढविलेला असून पिसे बांधलेली आहेत, आणि ती कॅनव्हासबॅक जातीच्या नराची आहेत हे आजही कोणी पाहताक्षणी सांगू शकेल. त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षांचे ठरविण्यात आले आहे. ज्यांनी ती केली त्यांच्यापाशी पुस्तक नव्हते. पण बदकाची ‘जात’ ही कल्पना त्यांच्यापाशी पूर्णपणे होती, आणि मुलाला लव्हाळे वळवावयास शिकविताना बापाने नेमका लाल मानेचा व काळ्या छातीचाच रंग द्यावयास सांगितले असले पाहिजे. ओळख आधी व शिकार मागाहून, हा क्रम ह्या अर्थाने नवा नाही. एकोणिसाव्या शतकाने तो मोडला होता, एवढेच.

तो कसा मोडला ते पाहावयाचे झाल्यास चेसापीक उपसागराच्या काठच्या व्यापारी शिकाऱ्यांकडे वळावे लागते. यादवी युद्धानंतर आगगाड्यांचे जाळे पसरले, बर्फात माल टिकवून पाठविण्याची सोय झाली, आणि बाल्टिमोर, न्यूयॉर्क येथील उपाहारगृहांत कॅनव्हासबॅक बदकाला भलतीच किंमत येऊ लागली. मारलेले पक्षी पिंपे भरभरून शहराकडे जाऊ लागले. ह्या धंद्यातील नवशिका म्हणजे शिकाऱ्याचा मुलगा किंवा नावेवरील पोऱ्या. त्याने शिकावयाचे ते वारा, भरती-ओहोटी, नाव आणि बंदुकीचा बार. एक अवजार तर केवळ ह्याच धंद्यासाठी घडविलेले होते. शवपेटीसारखी एक पेटी, तिच्या कडा पाण्याच्या पातळीशी समतल, चहूबाजूंनी फळ्यांचे व किंतानाचे पंख, त्यांवर वजनासाठी लोखंडी बदके आणि भोवती शेकडो लाकडी बदके तरंगणारी. पेटीत माणूस उताणा निजून राही. त्याला पक्ष्याची पारख होती, नाही असे नाही. पण ती बाजारभावाची पारख होती.

नवशिक्यांसाठी लिहिणारे लोकही ह्याच काळात पुढे येऊ लागले. जॉर्ज बर्ड ग्रिनेल ह्याचे अमेरिकन बदकशिकारीवरील पुस्तक १९०१ साली निघाले. ग्रिनेल हा स्वतः शिकारी, ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ ह्या साप्ताहिकाचा संपादक आणि पक्षिरक्षणाच्या चळवळीतील अग्रणी. ह्या तिन्ही गोष्टी एका माणसात असाव्यात ह्याचे आपल्याकडील वाचकास आश्चर्य वाटेल, परंतु अमेरिकेतील संरक्षणाचा इतिहास ह्या संयोगाशिवाय उलगडत नाही. त्याच्या पुस्तकात एकेका जातीचे वर्णन आधी येते आणि शिकारीच्या पद्धती त्यामागून येतात. हॉकरच्या पुस्तकाशी ताडून पाहिले म्हणजे हा क्रम किती बोलका आहे हे ध्यानात येते.

कायद्याने त्यापुढे वेगाने पावले टाकली. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पक्ष्यांची राज्याराज्यांतील वाहतूक गुन्हा ठरविली. १९१३ च्या एका कायद्याने वसंत ऋतूतील, म्हणजे विणीकडे परतणाऱ्या पक्ष्यांची, शिकार थांबविण्याचा प्रयत्न केला. १९१६ साली अमेरिका व कॅनडाच्या वतीने ब्रिटन ह्यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी तह झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९१८ चा कायदा आला. ह्या कायद्याने रानबदकांचा बाजारच बंद केला. मिसूरी राज्याने त्यास आव्हान दिले. आमच्या हद्दीतील पक्षी आमचे, असे त्याचे म्हणणे. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने निकाल देताना न्यायमूर्ती होम्स ह्यांनी ते फेटाळले. काल जो पक्षी येथे नव्हता व उद्या जो हजार मैल दूर असेल त्याच्यावर एका राज्याने मालकी सांगावी हे त्यांना पटण्याजोगे नव्हते. घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल तहाच्या अधिकारासाठी वाचला जातो. नवशिक्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा होता: बदक आता कोणाच्याच वाडीतले राहिले नाही, आणि म्हणून ‘तू कोण?’ ह्या जुन्या प्रश्नाने भागण्यासारखे नव्हते.

पुढचे दशक दुष्काळाचे होते. १९३० नंतरच्या वर्षांत मध्य अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील तळी आटली, दलदली त्यापूर्वीच शेतीसाठी उपसून काढलेल्या होत्या, आणि बदकांची संख्या भयावह उतरली. १९३४ च्या मार्चमध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी एक डॉलरचे संघराज्य-तिकीट सक्तीचे करण्यात आले. सोळा वर्षांवरील प्रत्येक शिकाऱ्याने ते विकत घ्यावयाचे, त्यावर स्वतःची सही शाईने करावयाची, आणि त्या पैशातून दलदली विकत घेऊन राखावयाच्या, अशी योजना होती. त्याच महिन्यात जे. एन. डार्लिंग ह्यांची जीवविषयक पाहणी खात्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. पुलित्झर पारितोषिक मिळविलेला हा व्यंगचित्रकार. पहिल्या तिकिटावरील मॅलार्ड बदकांच्या जोडीचे चित्र त्यांचेच. पहिल्या वर्षी सहा लाख पस्तीस हजारांवर तिकिटे खपली. ‘डिंग’ डार्लिंग दीड-पावणेदोन वर्षेच त्या पदावर राहिले, परंतु तेवढ्यात नवशिक्याचा अभ्यासक्रम त्यांनी मुळापासून बदलला. १९३५ च्या हंगामापासून दाणे टाकून बदकांना बोलावणे बंद झाले, पाण्यावर बांधलेली जिवंत पाळीव बदके बंद झाली, पाण्यातील पेटी बंद झाली, आणि बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे भरण्यास मनाई झाली. १९१८ साली दिवसाला २५ बदके मारण्याची मुभा होती, ती आता १० वर आली.

ह्यांतील जिवंत बदकांवरील बंदीचा परिणाम भाषेच्या अभ्यासकाला विशेष विचारार्ह वाटतो. तोपर्यंत आकाशातून जाणाऱ्या थव्याला हाक मारण्याचे काम पाण्यावरील पाळीव मादी करीत असे. आता ते माणसाला करावे लागले. लाकडाची किंवा कठीण रबराची नळी, तिच्या आत एक पन्हळ व पन्हळीवर पातळ पत्ती, अशी शिट्टी पूर्वीपासून होती. इलिनॉय राज्यातील पेकिन येथे फिलिप ओल्ट ह्याने बनविलेली शिट्टी विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रसिद्ध होती. परंतु तिची गरज आता सार्वत्रिक झाली. आर्कान्सा राज्यातील स्टुटगार्ट हे भातशेतीचे गाव. कापणीनंतरच्या खाचरांत व पाण्याखाली गेलेल्या रानांत तेथे मॅलार्डांचे थवेच्या थवे उतरतात. त्या गावी बदकाच्या हाकेची स्पर्धा १९३६ साली, म्हणजे बंदीच्या पाठोपाठच्या वर्षी, सुरू झाली. पहिले बक्षीस एका शिकारी कोटाचे होते. ते मिसिसिपीच्या टॉमस वॉल्श ह्यांनी मिळविले, आणि तेही शिट्टी न वापरता, नुसत्या कंठाने.

ह्या हाका म्हणजे एक लहानशी भाषाच होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरला पाहिजे. कारण येथे वाक्यरचना नाही, आणि बोलणाऱ्याचा हेतू ऐकणाऱ्याला कळू नये हीच सगळी खटपट आहे. तरी शिकविण्याची रीत भाषेच्या वर्गाशी इतकी जुळते की तिचे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. नवशिक्याला पहिली गोष्ट सांगतात ती श्वासाची: गालांनी फुंकावयाचे नाही, पोटातून हवा सोडावयाची. दूरच्या थव्याला दीर्घ, उंचावरून उतरत जाणारी हाक. जवळ आलेल्यांना आखूड, पाचएक स्वरांची उतरती हाक. आणि खाली चरत असलेल्या थव्याचा भास व्हावा म्हणून भरभर उमटणारा कुजबुजाट. हा शेवटला आवाज बसविण्यासाठी शिट्टीत ‘टिक-अ, टिक-अ’ अशी अर्थहीन अक्षरे म्हणावयास लावतात. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणवून मग हातावर उतरवितात, त्यातलाच हा प्रकार. दुसरी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मॅलार्डांमध्ये ज्याला आपण ‘क्वॅक’ म्हणून ओळखतो तो मोठा आवाज केवळ मादीचा असतो. नराचा आवाज हलका, घोगरा. तेव्हा शिकारी जो आवाज काढतो तो मादीचा. तिची ही उतरती हाक पक्षिवर्तनाच्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्र नावाने नोंदली आहे. कोनराड लोरेन्झ ह्यांनी १९४१ मध्ये बदकांच्या हालचालींचा व आवाजांचा जो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तो जातीजातींमधील नाते ठरविण्यासाठी केलेला होता. भाषाकुलांच्या अभ्यासकाला ती पद्धत ओळखीची वाटावी.

परंतु सर्वांत अवघड धडा गप्प राहण्याचा. थवा वळून आपल्याकडे येऊ लागला की शिट्टी खाली ठेवावी. तो पाठ फिरवू लागला तर पुन्हा बोलावे. सर्व हाका बिनचूक येत असूनही ज्याला ही वेळ साधत नाही, त्याच्या डोक्यावरून बदके निघून जातात. स्वर शिकविता येतात, प्रसंग शिकविता येत नाही, असा अनुभव परभाषा शिकविणाऱ्यांना नवा नाही.

आता ओळखीकडे येऊ, कारण ह्या लेखाचा खरा विषय तोच आहे. संघराज्याच्या नियमांप्रमाणे शिकारीची वेळ सामान्यतः सूर्योदयापूर्वी अर्धा तास सुरू होते व सूर्यास्ताला संपते. म्हणजे नवशिक्याचा पहिला पक्षी त्याला दिसतो तो राखी उजेडात, वेगाने, डोक्यावरून. आज अमेरिकेच्या बहुतेक भागांत दिवसाची एकूण मर्यादा सहा किंवा सात बदकांची असते, पण तिच्या पोटात जातीजातींच्या निराळ्या मर्यादा असतात. मॅलार्डच्या माद्या इतक्याच, तलवार बदके इतकीच, कॅनव्हासबॅक इतकीच. आणि एखाद्या जातीची संख्या फार उतरलेली असेल त्या वर्षी तिला मुळीच हात लावावयाचा नाही. हे आकडे दरवर्षी पाहणीवरून ठरतात. तेव्हा चाप ओढण्यापूर्वी, दोन-तीन सेकंदांत, त्या आकृतीला नाव द्यावे लागते. नाव चुकले तर तो केवळ अज्ञानाचा दोष राहत नाही, गुन्हा होतो. शब्द आणि वस्तू ह्यांचे नाते इतके तातडीचे व इतके दंडनीय झालेले दुसरे क्षेत्र आमच्या तरी पाहण्यात नाही.

ह्या गरजेतूनच नवशिक्यांसाठी नव्या धर्तीची पुस्तके आली. संघराज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्यातील चित्रकार बॉब हाइन्स ह्यांची ‘दुरून दिसणारी बदके’ अशा अर्थाच्या नावाची छोटी पुस्तिका त्यांत अग्रगण्य म्हणावी लागेल. (रेचेल कार्सन ह्यांच्या १९५५ मधील समुद्रकाठावरील पुस्तकातील चित्रे ह्याच हाइन्सची.) तीत बंदुकीविषयी सांगावयाचे असे नाहीच. पक्षी कसा उडतो, थव्याची आकृती कशी, पंख उघडला की कोणता पट्टा दिसतो, आवाज कसा, हेच तीत आहे. उथळ पाण्यात चरणारी बदके पाण्यातून सरळ वर उसळतात, तर बुडी मारणारी बदके आधी पाण्यावरून धावत जातात. चिमुकली टील बदके घट्ट गोळा करून, एकदम वळणे घेत जातात. तलवार बदकाची मान लांब व शेपूट टोकदार. ऋतूच्या आरंभी आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात पिसे गाळलेल्या नरांचा रंग तेव्हा अजून माद्यांसारखाच असतो, आणि म्हणून रंगावर विसंबणारा नवशिका हटकून फसतो. रंग हे सर्वांत ठळक पण सर्वांत बेभरवशाचे लक्षण, ही गोष्ट शिकायला त्याला बहुधा एक हंगाम लागतो.

१९७० नंतर काही वर्षे पुष्कळ राज्यांत एक वेगळाच प्रयोग झाला. प्रत्येक जातीला गुण ठरवून दिले गेले. विपुल असलेल्या बदकाला थोडे गुण, दुर्मिळ बदकाला जवळजवळ शंभर. आणि गुणांची बेरीज शंभरावर पोचली की त्या दिवसाची शिकार संपली. ह्यामागचा विचार असा की नवशिक्याला उडता पक्षी ओळखता येत नसेल, तर निदान हातातला तरी ओळखता येईल आणि त्यावरून थांबावे की नाही ते ठरविता येईल. कल्पना चांगली होती, पण तिच्यात क्रमाची मेख होती. शंभर गुणांचा पक्षी आधी पडला तर एकातच खेळ आटोपे; तोच शेवटी पडला तर त्याआधीची दहा-दहा गुणांची बदके वैध ठरत. पडलेल्या पक्ष्यांच्या अंगावर क्रम लिहिलेला नसतो. अप्रामाणिक माणसाला तो मागाहून जुळविता येई. ह्यात प्रामाणिक नवशिक्याचा तोटा व बनेल शिकाऱ्याचा लाभ होता. पद्धत पुढे मागे पडली ती ह्यामुळेच असे नव्हे, पण ती मागे पडली हे योग्यच झाले असे आमचे मत आहे. ओळख गोळीच्या आधी हवी. गोळीनंतरची ओळख म्हणजे हिशेब.

छर्ऱ्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. बदके अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, आणि त्यांबरोबर तळाशी पडलेले शिशाचे छर्रेही गिळतात. त्याने त्यांना विषबाधा होते. ही गोष्ट ग्रिनेलने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आपल्या साप्ताहिकात मांडली होती. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशव्यापी बंदी मात्र १९९१ साली आली. पोलादी छर्रा हलका असतो, त्याचा वेग लवकर ओसरतो. म्हणून दूरवर बार टाकण्याची सवय सोडून पक्षी जवळ येईपर्यंत थांबावयास शिकणे नवशिक्याला आवश्यक झाले. थांबल्याने ओळखावयासही वेळ मिळतो, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

ह्या इतिहासाचा आपल्याकडील धागा फार बारीक आहे, पण खरा आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात येणाऱ्या नवशिक्या अधिकाऱ्यांसाठी ह्यूम व मार्शल ह्यांचा शिकारी पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ च्या दरम्यान निघाला. फ्रँक फिन ह्याने १९०१ साली हिंदुस्थानातील बदके कशी ओळखावीत ह्यावर एक लहान पुस्तक लिहिले, आणि स्टुअर्ट बेकरचा सचित्र ग्रंथ १९०८ मध्ये आला. म्हणजे ओळखीची पुस्तके येथे अमेरिकेच्या मागे नव्हती. मागे होता तो संयम. भरतपूरच्या केवलादेव तलावावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील शिलालेखावर कोरलेला आजही वाचावयास मिळतो. ज्या देशात डार्लिंगने दिवसाला दहाची मर्यादा घातली होती त्याच्या उलट टोकाचे हे चित्र, आणि तेही केवळ तीन वर्षांनंतरचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही परंपरा संपुष्टात आली. ग्रंथांत न आलेली आणखी एक परंपरा होती: फासे लावून पाखरे धरणाऱ्या फासेपारध्यांची. तिचे शिक्षण बापाकडून मुलाकडे, बोलण्यातून व हातातून जाई. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या छायेत त्या जमातीला शिकारी म्हणून नव्हे तर गुन्हेगार म्हणून नोंदले गेले. त्यांची पक्षिनामे व आवाजांचे अनुकरण ह्यांची व्यवस्थित नोंद हे आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे असे काम आहे. मराठीतील बदकांची नावे पाहिली तरी त्यांत पाण्याकाठी उभे राहून पाहणाऱ्या डोळ्याची खूण पटते. ‘हळदीकुंकू’ हे नाव चोचीचे पिवळे टोक व तिच्या मुळाशी असलेले दोन तांबडे ठिपके पाहिल्यावाचून कोणाला सुचले नसते, आणि ‘थापट्या’ त्या रुंद, चपट्या चोचीवाचून. आज भिगवणला किंवा नांदूर मधमेश्वरला दुर्बीण घेऊन जाणारा विद्यार्थी जी लक्षणे पाठ करतो ती हीच होत.

अमेरिकेत सध्या चिंतेचा विषय वेगळाच आहे. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत बदकतिकिटांची विक्री चोवीस लाखांच्या आसपास पोचली होती. अलीकडे ती पंधरा लाखांच्या जवळपास असते, आणि तिकिटे घेणाऱ्यांत शिकार न करणारे संग्राहक व पक्षिनिरीक्षकही आहेत. १९३४ चे एक डॉलरचे तिकीट २०१५ पासून पंचवीस डॉलरांना झाले आहे. शिकाऱ्यांची पिढी म्हातारी होत चालली असून तिची मुले ह्या वाटेला येत नाहीत. एखाद्या बोलीचे भवितव्य तिच्या वक्त्यांच्या संख्येपेक्षा ती बोलणाऱ्या मुलांच्या संख्येवरून अजमावावे, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे मुले न आल्यास नुसती एक विद्याच जाणार नाही, तर ज्या पैशावर लक्षावधी एकर दलदल राखली गेली तो पैसाही आटेल. म्हणूनच शिकारीचा तिटकारा असलेले कित्येक पक्षिप्रेमीही हे तिकीट आवर्जून विकत घेताना दिसतात.

नवशिक्यांच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात न्यूयॉर्क राज्याने १९४९ साली केली. तेथे तरुण शिकाऱ्यांना परवान्यापूर्वी बंदुकीच्या सुरक्षिततेचा पाठ सक्तीचा झाला, आणि पुढे इतर राज्यांनी तो मार्ग धरला. १९९६ पासून संघराज्याने खास मुलांसाठी बदकशिकारीचे दिवस राखून ठेवण्यास राज्यांना परवानगी दिली. त्या दिवसांचा नियम असा की मुलाबरोबर एक प्रौढ असलाच पाहिजे, परंतु त्या प्रौढाने बदकावर बंदूक चालवावयाची नाही. तो आडोशात मुलाच्या खांद्याशी बसतो, हवे तर शिट्टी वाजवितो, आणि वर येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याचे नाव हलक्या आवाजात सांगतो.